वहीतला वाटा

नारळी पौर्णिमा सरली की दर्याचा घसा बसतो. आषाढभर ओरडून ओरडून दमलेला असतो तो. मग एका सकाळी उठावं तर आवाज खाली आलेला, पाण्याचा मातकट रंग जाऊन त्यात हिरवं शिरलेलं. आज तसंच झालं. रापणकरांनी जाळी ठेवायच्या मांगराचं दार उघडलं, जाळी ओढून वाळूवर पसरली आणि तो वास आला. पावसाळाभर कोंडलेलं जाळं, सुकलेली खवलं, मीठ, उंदरांची घाण, सगळं मिळून एक वास. परक्या माणसाने नाक दाबावं असा. मला मात्र तो आला की अंगात काहीतरी चढतं. सत्तरी उलटली तरी चढतं.

पूर्वी ह्या वासाबरोबर माझी तरणीताठी वर्षं आठवायची. दोरी तेव्हा सुंभाची होती, तळहाताची साल काढायची, आणि ती साल निघालेली आम्ही पोरींना दिसेल अशी मिरवायचो. आता आठवतो तो तीन वर्षांपूर्वीचा हंगाम. उभ्या हंगामात मी दोरीला हात लावला नाही, पेडव्याएवढा मासासुद्धा धरला नाही. पडवीत बसून मी माझीच कादंबरी कापत होतो. आणि सांगतो, तसा हंगाम मी दुसरा पाहिलेला नाही.

ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. होडी दर्यात जाते आणि जाळ्याचा मोठा वेढा घालून परत येते. वेढ्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर. दोन्हींना माणसं लागतात आणि मागे मागे सरकत ओढतात. दोन रांगा लांबलांब उभ्या असतात त्या हळूहळू एकमेकींच्या जवळ येतात, मधे पाणी उकळल्यासारखं व्हायला लागतं, वर घारी. जाळं वाळूवर आलं की ढीग होतात आणि मग वाटे. वाट्याचा कायदा कागदावर कुठे नाही. ज्याचा हात दोरीला लागला, त्याला वाटा. कमी ओढलंस की जास्त, हे विचारायचं नाही. आजारी पडून घरी राहिलेल्या खलाशाला वाटा. तो मेला तर त्याच्या बायकोला वाटा. एखादा पाहुणा हौसेने दोरीला लटकला तरी हातात दोन बांगडे ठेवल्याशिवाय त्याला जाऊ देत नाहीत.

मी कादंबरी लिहिली ती ह्याच कायद्याने. आणि तिथेच फसलो.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढे शाळेने मला सोडलं की मी शाळेला, ह्यावर दोन मतं आहेत. पण गावच्या वाचनालयातलं कपाट मी दोनदा वाचून काढलं आहे, खालच्या फळीवरची खतांची पुस्तकं धरून. गुडघ्याने ओढायचं नाही म्हणून सांगितलं तेव्हा मी वही घेतली. कुणाला विचारलं नाही. गोष्ट माझ्या डोक्यात पक्की होती: रघू नावाचा एक रापणकर. जास्त पैशाच्या आशेने तो रापण सोडून मोठ्या यांत्रिक बोटीवर जातो. त्याच बोटी किनाऱ्याजवळ येऊन रापणीचा मासा पळवतात. काही वर्षांनी तो परत येतो, आणि पुन्हा दोरी धरायची म्हणतो. त्याला धरू द्यायची की नाही? एवढीच गोष्ट. हाडासारखी.

पण लिहायला बसलो आणि एकेकजण दोरीला येऊन लागायला लागला. रघूचा तांडेल, होडीचा म्होरक्या, आला. तांडेल आला म्हणजे त्याचा भाऊ आला, भावाचं कोर्टातलं भांडण आलं. शेवंता आली, तिची म्हैस आली. पडवीपुढून जाणारा प्रत्येकजण विचारायचा, "बाबल्या, माका घातलंस मां रे?" आणि मी ऐटीत म्हणायचो, "घातलंय. तुझो वाटो माझ्याकडे आसा." शब्द दिला की दिला. असं करत एका वहीच्या किती वह्या झाल्या ते मला पोत्यात भरायला लागलं तेव्हा कळलं.

ते पोतं घेऊन मी एसटीने इन्सुलीला गेलो. तिथे फिलोमिनाबाई राहतात. शाळेत मराठी शिकवायच्या, आता निवृत्त. वर्षाला दोन-तीन पुस्तकं काढतात, स्वतःच्या हिमतीवर. त्यांच्या घराला मागे काजूची झाडं आणि पुढे हायवे. बोलताना ट्रक आला की बाई थांबतात, तो गेला की अडलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू करतात. त्यांनी पोतं ठेवून घेतलं आणि महिन्याने बोलावलं. मी धुतलेला सदरा घालून गेलो. वाटलं, चहाबरोबर काहीतरी गोड असेल.

"बाबलकाका," बाई म्हणाल्या, "ह्यात माणसं किती आहेत?"

"रापणीला लागतात तेवढी."

"आणि रघू?"

"पहिल्या वहीत आहे. मग एकदम चौथीत येतो."

"मधे कुठे जातो?"

"मधे दुसऱ्यांची पाळी असते."

बाई हसल्या. मला हसणं आवडलं नाही. "काका, मला एकच काळजी लागून राहिली होती," त्या म्हणाल्या. "ह्या माणसाला दोरी धरू देतील का? आणि ऐन वेळी तुम्ही मला शेवंताच्या म्हशीच्या बाळंतपणाला नेऊन बसवलंत."

"त्या दिवशी म्हैस खरंच व्याली होती."

"व्याली असेल. पण मी रघूची वाट बघत होते."

एक ट्रक गेला. मग त्यांनी पोत्यावर हात ठेवला. "एका हाताने धरून वाचता येईल एवढं करून आणा. नाताळापर्यंत. मी छापते. नाहीतर हे असंच ठेवा घरी. नातवंडं वाचतील."

हे शेवटचं मला फार झोंबलं. नातवंडं वाचतील म्हणजे कुणीच वाचणार नाही, हे बाईंना कळत होतं आणि मलाही. येताना एसटीत मी पोतं मांडीवर घेऊन बसलो, पायाशी ठेवलं नाही. सावंतवाडी, कुडाळ, सगळा रस्ता मी बाईंना मनातल्या मनात उत्तरं देत आलो. फार चांगली उत्तरं होती ती.

घरी सुमती, उघडीप बघून अंगणात ऊन दाखवायला घातलेल्या काजूच्या बियांवर कोंबड्या येऊ नयेत म्हणून काठी घेऊन बसलेली. ती माझी बायको. उभं आयुष्य बाजारात मासे विकले तिने. समोरच्याच्या तोंडावरून भाव ओळखते.

"छापत नाय, मां?"

"कापा म्हणता."

"मगे कापा."

"तुका कादंबरीतला काय कळता गो?"

"माका इतक्याच कळता," ती म्हणाली, "पाटयेत मावता तितक्याच बाजारात जाता. उरलेला घराकडे कुसता."

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. मी कुणाचं ऐकत नाही, हे आमच्या वाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पोतं माळ्यावर टाकलं. गणपती आले, गेले. किनाऱ्यावर रापण सुरू झाली. सकाळच्या पहिल्या ओढीचा गलका पडवीत ऐकू यायचा आणि मी माळ्याकडे पाठ करून बसायचो.

मग एका सकाळी, काही कारण नाही, मी पोतं खाली काढलं आणि पहिली वही उघडली. पहिली तीन पानं सूर्योदयाची. भरगच्च. केशरी, गुलाबी, सोन्याचा गोळा, सगळं होतं. वाचता वाचता मी थबकलो. सूर्य दर्यातून वर येत होता! आता आमच्या किनाऱ्यावर सूर्य डोंगरामागून येतो आणि दर्यात बुडतो. जन्मापासून रोज बघतो आहे. पण वाचनालयातल्या त्या कपाटात तो पुस्तकामागून पुस्तकात दर्यातूनच उगवलेला, म्हणून मीही तो तिथूनच उगवता केला. दर्यावर हयात घालवलेल्या माणसाने! मी एकटाच हसायला लागलो. सुमती बाहेर येऊन बघून गेली. मी जाळं तुणायची, म्हणजे सांधायची, कात्री घेतली आणि ती तीन पानं कापली. सरळ, बाइंडिंगजवळून.

आणि काय सांगू! पानं गेली आणि खाली रघू उभा होता. पहिल्याच ओळीत. किनाऱ्यावर, पाठीला पिशवी, निघालेला. मी लिहिलेलाच रघू, पण इतका जवळ मी त्याला पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. सकाळचा चहा झाला की बसायचो. पेज निवायची, सुमती ओरडायची, मला ऐकू यायचं नाही. एक पान काढलं की मागचं आणि पुढचं एकमेकांना चिकटायचं आणि त्यातून असं काही निघायचं जे मी लिहिलेलंच नव्हतं! रघूची आई म्हणते, "जा." मग माझं दीड पान, तिला काय वाटलं, तिच्या पोटात कसं तुटलं. ते दीड पान काढलं. खाली ओळ होती: तिने त्याच्या डब्यात आणखी एक भाकरी ठेवली. बस. "जा" आणि भाकरी. मी उठून पडवीत येरझाऱ्या घालायला लागलो, गुडघा विसरून. तरणेपणी भरलेलं जाळं वाळूला लागताना मी असाच नाचायचो. फक्त इथे जाळ्यातून टाकत होतो आणि जाळं भरत होतं. हे कसं होतं, मला आजही सांगता येत नाही. ज्याने केलंय त्याला कळेल.

युक्ती एकच सापडली, मोठ्याने वाचायचं. सुमती पडवीत काही ना काही निवडत असायची, तांदूळ, सुकट, कुळीथ. मी वाचायचो आणि तिच्या हातांकडे बघायचो. हात चालत राहिले तर ते पान संशयित. हात थांबले तर पान राहिलं. तिला हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने मुद्दाम हात चालवले असते.

कापलेले तुकडे जोडायला मी भाताची खळ करायचो. दुकानातल्या डिंकापेक्षा पक्की. एका सकाळी बघतो तर तिसऱ्या वहीतली जोडलेली पानं झुरळांनी कडेने खाल्लेली, ओळीच्या ओळी साफ. मी डोक्याला हात लावला. सुमती म्हणाली, "अवो, तुमच्यापरास ती झुरळां बरी कापतत." रागाने मी उरलेलं वाचलं. वाचत गेलो आणि राग उतरत गेला. तांडेलाच्या भावाचं कोर्टातलं भांडण खाल्लं होतं त्यांनी. मी ते पुन्हा लिहिलं नाही. झुरळांवर राग मात्र धरला, तो आजतागायत आहे.

हे गुपित राहणार कसं? आमच्याकडे ओटीवर शिंकलात तर जेटीवर माणूस "जीव रे" म्हणतो. बाबल्या माणसं कापता, अशी बातमी फिरली आणि लोक यायला लागले. शेवंता आली. ती माझ्याहून मोठी, आमची शेवंतावयनी, जीभ अशी की कावळासुद्धा तिच्या अंगणात हळू उतरतो. वहीत मी तिला तोंडाळ दाखवलंय हे तिला कळलं होतं आणि त्यावरून वर्षभर ती माझ्या नावाने बोटं मोडत होती.

"माका काढ त्या वहयेतसून," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मी काय तोंडाळ आसंय?"

"वयनी, काढलंय तुका. कालच."

"काढलंस?"

"काढलंय."

कमरेवरचे तिचे हात खाली आले. "आणि म्हस?" तिने विचारलं.

"म्हसय काढलंय."

"मेल्या, इतकी दुधाची म्हस!" ती कडाडली. "तुझ्या झिलाक तिचा दूध पाजलंय मी. माका तोंडाळ ऱ्हवांदे, पण म्हशीक कित्याक काढलंस? घाल परत!"

रापणीवरच्या दत्तू, मोहन आणि आंतोन ह्या तिघांचा मी एकच माणूस केला होता, सदू नावाचा. तिघंही वेगवेगळे येऊन सांगून गेले की सदू म्हणजे मीच, फक्त नाक तेवढं दुसऱ्याचं लावलंय, ते बदल. मला मजा वाटत होती. कापायचं वारंच भरलं होतं अंगात. बाईंना फोन करून मी सांगायचो, आज इतकं काढलं, आज तितकं. बाई म्हणायच्या, "जाळ्यातून बारका मासा सोडतात तसंच आहे हे, काका." मी म्हणायचो, नाही बाई. सोडलेला मासा दर्यात जगतो. वहीतून काढलेला माणूस कुठे जातो, ते मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

आज वाळूवर जाळी तुणताना बघतो. सुई प्लास्टिकची, दोरा नायलॉनचा, पण बोटं तशीच पळतात. फाटलेल्या जागी आधी भोक मोठं करतात. कडेचे कुजके धागे नीट कापून काढतात, चांगल्या धाग्यापर्यंत, मगच नवीन घर विणतात. तरणेपणी मी हे हजारदा केलं आहे आणि कधी त्याकडे पाहिलं नाही.

हे सगळं झालं, आणि मी पास्कूच्या वहीशी येऊन अडलो.

पास्कू म्हणजे माझा जोडीदार. एकाच दोरीवर तो पुढे आणि मी त्याच्या मागे, अशी आमची उमर गेली. त्याची पाठ मला त्याच्या तोंडापेक्षा जास्त पाठ आहे. हल्ली त्याने माडाखाली पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्यात, बायको रोझू फिश करी करते आणि तो पाहुण्यांना गजाली सांगतो. हसवावं तर पास्कूने. माझ्या वहीत तो आला आणि एक अख्खी वही घेऊन बसला. त्याने मोरी मासा लग्नात आहेर म्हणून नेला ती गोष्ट, फादरला होडीत घातलं ती गोष्ट. सुमती हसून हसून डोळे पुसायची. हात थांबायचे तिचे! माझ्या कसोटीने ती वही राहायला हवी होती.

पण ती वही आली की कादंबरी बसकण मारायची. रघू किनाऱ्यावर उभा, अख्खा गाव उभा, आणि पास्कू गोष्ट सांगतोय. मी ती पुढे नेऊन पाहिली. मागे नेली. तिचे चार तुकडे करून पेरून पाहिली. जिथे टाकीन तिथे ती खारट व्हायची. नाताळ जवळ येत चालला होता. बाईंना फोन केला.

"पास्कू गोष्टीत काय करतो?" बाईंनी विचारलं.

"हसवतो."

"आणि?"

मी फोन ठेवला.

ज्याने माझ्यासोबत, माझ्याही आधी दोरी धरली, त्याचा वाटा मी काढायचा? आणि पास्कूने तर म्हापशातल्या मुलाला, दोडामार्गच्या व्याह्यांना, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगून ठेवलं होतं की बाबल्याच्या पुस्तकात मी आसंय. एकीकडे माझा शब्द. दुसरीकडे रघू. मी चार दिवस कात्रीला हात लावला नाही. मग वही बगलेत मारली आणि त्याच्याकडे गेलो. जे करायचं ते तोंडावर.

पास्कू खाटेवर बसून नारळ सोलत होता. मी म्हटलं, ऐक. आणि अख्खी वही वाचून दाखवली. रोझू परात तशीच टाकून बाहेर आली. दोघं हसत होती, पास्कू मधेच "सायबा, ह्या मी म्हटलंय? म्हटलंय खरां!" करत मांडीवर थाप मारत होता. मी इतकं चांगलं कधी वाचलेलं नाही. वाचून झालं, वही मिटली, आणि सांगितलं.

"पास्कू, ही वही पुस्तकात येवची नाय."

तो हसतच होता. हसू उतरायला वेळ लागला.

"म्हणजे माझो वाटो नाय?"

"गोष्ट अडता रे तुझ्यापाशी."

"माझ्यापाशी?" त्याने कोयता खाली ठेवला. "दोरी सोडून दुसऱ्याच्या बोटीर गेलो तो रघू. तेका वाटो. आणि मी एक दिस खंय गेलंय नाय, तर माका नाय?"

खरं तर ह्याच प्रश्नावर माझी कादंबरी उभी होती आणि मला तो इतका सरळ विचारता आला नव्हता. रोझू परात उचलून आत गेली. मी उठलो. माडांखालून येताना मागून त्याचा आवाज आला, "आणि मोरयेची गोष्ट माझी आसा! ती माका परत कर!"

आठवडा गेला. पास्कू दिसला की तोंड फिरवायचा. सुमती म्हणाली, "घाला तेका परत. पुस्तक काय खावचा आसा?" मी म्हटलं नाही. घातला तर पुस्तक राहत नाही, आणि काढला तर मी राहत नाही, अशी गत. पण आत कुठेतरी त्याच्या त्या प्रश्नाने मला आग लावली होती. मी त्याच आगीत रघूच्या परत येण्याचं प्रकरण सगळंच्या सगळं पुन्हा लिहिलं. आठ दिवसांत. इतका झपाटा मला तरणेपणीही नव्हता.

आणि मग एका सकाळी पास्कू पडवीत येऊन बाकड्यावर बसला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"वाच," तो म्हणाला. "पयल्यापासून. माझ्याशिवाय किती चलता ता बघतंय."

मी वाचायला घेतलं. रोज सकाळी तो यायचा, न्यायाधीशासारखा हाताची घडी घालून बसायचा, ऊन अंगणात आलं की उठून जायचा. बरं म्हणायचा नाही, वाईट म्हणायचा नाही. कुठे तो पूर्वी होता, ती जागा त्याला बरोबर कळायची. तिथे तो नाकातून आवाज काढायचा. मी वाचत राहायचो. सुमतीचे हात बघायचं मी सोडून दिलं होतं. मी पास्कूकडे बघत होतो.

शेवटी आम्ही त्या जागी आलो. रघू परत आलाय. सकाळची वेळ, होडी वेढा घालून आलेली, दोन्ही दोऱ्यांना माणसं लागलेली. रघू वाळूवर उभा. कुणी ये म्हणत नाही, कुणी जा म्हणत नाही. पूर्वीच्या वहीत इथे पास्कू एक टोमणा मारायचा, सगळा किनारा हसायचा आणि हसण्याहसण्यात रघू दोरीला लागायचा. आता तिथे कुणी बोलत नव्हतं. फक्त दोरी ओढली जात होती. पायांचा आवाज, श्वासांचा आवाज. रघूच्या पुढून एकेक माणूस मागे सरकत जातो, कुणी मान वळवत नाही. मग रांगेतला शेवटचा माणूस, रघूकडे न बघता, दोरीवरचा आपला हात वीतभर बाजूला सरकवतो.

एवढंच. मी वर पाहिलं. पास्कूच्या हाताची घडी सुटली होती. उजवा हात बाकड्यावर होता आणि तो सरकला होता, बाजूला कुणाला तरी बसता यावं इतका. त्याला ते ठाऊक नव्हतं.

त्याने तोंड अंगणाकडे वळवलं.

"मी थंय असतंय," तो म्हणाला, "तर बोललंय असतंय, मेल्या. माका गप ऱ्हवाक झाला नसता."

"ठाऊक आसा माका."

"सगळ्याची माती केलंय असतंय."

आमच्याकडे वाटा कुणी कुणाचा काढू शकत नाही, तांडेलसुद्धा नाही. पण ज्याचा त्याला सोडता येतो. एखाद्या घरी अडचण असली की किनाऱ्यावर माणूस उभा राहतो आणि चारचौघांत मोठ्याने सांगतो. साक्षीला कुणीतरी लागतं. पास्कूने घरात हाक मारली, "वयनी! वायच भायर ये." सुमती ओले हात पदराला पुसत दारात आली.

"आयक," पास्कू तिला म्हणाला, आणि आवाज असा काढला की वाऱ्याच्या विरुद्ध दुसऱ्या दोरीपर्यंत पोचावा. "ह्या पुस्तकातलो माझो वाटो मी सोडलंय."

सुमती माझ्याकडे बघायला लागली, मग त्याच्याकडे. मी वह्यांच्या तळाची त्याची वही काढली, मोरीची, फादरची, सगळी, आणि त्याच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, ही तुझी. त्याने ती उघडलीसुद्धा नाही. तिच्यावर कोपर टेकून तो पुढे वाकला आणि माझ्या हातातल्या पानाकडे बघायला लागला.

"मगे?" तो म्हणाला. "धरल्यान दोरी? फुडे वाच मरे!"